चोथा टाकायचा, पाणी ठेवायचं

माझं काम काय, तर लॅबमध्ये लेप्टोचा जंतू शोधायला डबक्यातलं पाणी गाळणं. हे आईला सांगितल्यापासून घरात माझी किंमत चहाच्या गाळणीइतकी झालीये. "अगं मग पातळ फडकं घे ना, दोन मिनिटांत होतं."

आता माझं फडकं म्हणजे ०.२२ मायक्रॉन भोकांचा पातळ पडदा (मेम्ब्रेन) आहे हे तिला कसं सांगू. लेप्टोस्पायरा हा स्प्रिंगसारखा पिळदार जंतू, लांबीला ६ ते २० मायक्रॉन पण जाडीला जेमतेम ०.१, त्यामुळे तो वळवळत मेम्ब्रेनपार होतो आणि बाकीचे जाडेभरडे वर अडकतात, म्हणजे चोथा टाकायचा आणि पाणी ठेवायचं. शेजारच्या बाकावर ह्याच ०.२२ ने लोक मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं पोषक पाणी, निर्जंतुक करतात आणि मी मात्र त्यातून जंतू खाली उतरावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसते.

कागदावर सोपंय हो. पण मुंबईत दादरच्या हिंदमाताजवळच्या डबक्यात माती, तेल, कुणाच्या तरी भज्यांचा कागद, सगळंच असतं. तीन मिली गेलं की फिल्टर चोंदलाच. मग सिरिंज अंगठ्याने दाबा, अजून दाबा, तळहाताने दाबा... परवा फट्‌कन फिल्टर सुटला आणि सगळं पाणी काम करायच्या कपाटाच्या (हुडच्या) काचेवर, चार थेंब गॉगलवर. उंदराच्या मुतातून येणारा जंतू शोधायला निघालेली मी, तोंड मिटून स्टॅच्यू! नंतर तासभर पुसापुशी.

तेव्हापासून आधी साधा फिल्टर पेपर, मग ०.४५, मग ०.२२. म्हणजे आधी फडकंच. आईला हे कळू दिलेलं नाही.

मग गाळलेलं पाणी मीडियाच्या ट्यूबमध्ये घालून वाट बघणं. ह्या जंतूला वाढायला २८ ते ३० डिग्री लागतात, जी जुलैत आमच्या स्वयंपाकघरातही असतात, आणि वाढतो इतका सावकाश की आठवडेच्या आठवडे जातात. बरं, वाढला तरी ट्यूब गढूळ दिसेलच असं नाही, म्हणून दर आठवड्याला थेंब घेऊन डार्कफील्ड मायक्रोस्कोपखाली डोळे फोडायचे. सापडलाच तरी बरेचदा तो निरुपद्रवी भाऊबंद निघतो.

काल निघाले तर बाहेर गुडघाभर पाणी. दिवसभर दोन-दोन ग्लोव्ह घालून थेंबाला घाबरणारी मी, चपला हातात घेऊन दादरपर्यंत चालत.

"लागलं का गं विरजण?" आईने दारातच विचारलं.

"नाही."

"बरं, आत येऊ नकोस. आधी पाय साबणाने धू."