एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही

वादळ येऊन गेलं की एक संदेश हमखास फिरू लागतो. या खेपेला तो मला चौघांनी पाठवला. त्यातले दोघे अगदी जवळचे आहेत, म्हणून नीट बसून उत्तर लिहितो आहे. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: छत गळू लागलं तर घाबरू नका. घरात एमसीबी (विजेच्या पेटीतला आपोआप पडणारा छोटा स्विच) असला की शॉक बसत नाही, तो आपोआप पडतो. ज्या पंख्यातून किंवा दिव्यातून पाणी ठिबकतंय त्याचं बटण बंद करा, तेवढं पुरे. पायात रबरी चप्पल ठेवा. लगेच वर चढून ताडपत्री टाका. गळती थांबली की दोन तास वाळू द्या आणि वीज चालू करा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातली प्रत्येक सूचना कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

सगळ्यात घातक आहे ते एमसीबीबद्दलचं वाक्य, कारण पुढचा सगळा धीर त्याच्यावरच उभा आहे. एमसीबी बसवतात तो वायर तापून आग लागू नये म्हणून. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअर विनातक्रार वाहू देतो. भार २३ अँपिअरपर्यंत गेला तरी पडायला त्याला तासभर लागू शकतो. झटक्यात पडायचा तर शॉर्ट सर्किटच व्हावं लागतं. आता माणसाचा हिशेब करा. ओल्या अंगाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ढोबळमानाने १००० ओहम धरतात. पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर अंगातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर वाहतील. छताचा साधा पंखा ०.३ अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे विजेला चिकटलेला माणूस एमसीबीला एका पंख्याइतकासुद्धा जाणवत नाही. इकडे १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत येतो का, हे तो बघत असतो. घरगुती वापराच्या आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो निमिषात पुरवठा तोडतो. त्याच्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर तो पडला नाही, तर तो निकामी आहे असंच समजा. पण फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला तर तोही फसतो, कारण त्याच्या लेखी हिशेब जुळलेला असतो.

म्हणून छत गळू लागल्यावर पहिलं काम एकच: मेन स्विच बंद करणं. तेही तिथवर कोरड्या पायांनी जाता येत असेल आणि मेनच्या पेटीवरच पाणी येत नसेल तरच. नाहीतर त्या खोलीत पाऊल टाकू नका, वीज कंपनीला बाहेरून पुरवठा तोडायला सांगा. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करावा लागतो. मेन पाडल्यावरही त्याच्या लाइनवर वीज असतेच, हे अंधारात हमखास विसरलं जातं.

बटण बंद केलं की पुरे, हेही खरं नाही. बटण फार तर एक तार तोडतं, आणि वायरिंग करताना उलटसुलट झाली असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज राहतो. शिवाय बटणाच्या बोर्डात फेज आलेलाच असतो, आणि पाणी तिथेही पोचतं. छताला भोक कुठे आणि ठिबकतं कुठे याचा मेळ नसतो. पाणी वायरच्या पाइपात शिरलं की त्या पाइपाचीच पन्हळ होते. आमच्या घराचे दोन पत्रे एका कोपऱ्यातून उचकटले होते, पण पाणी आलं मधल्या खोलीतल्या पंख्याच्या दांडीवरून. तिसऱ्या दिवशी छत कोरडं दिसत होतं, खालची फरशीही पुसून लख्ख झाली होती. वायरमनने दांडीवरची वाटी खाली सरकवली आणि त्याच्या मनगटावरून गंजाचं लालसर पाणी ओघळलं. वायरचे जोड त्या पाण्यातच बसले होते. मेन बंद होता म्हणून त्याला काही झालं नाही.

‘दोन तास वाळू द्या’चं उत्तर त्या वाटीतच आहे. पाणी सुकल्यावरही माती आणि क्षार मागे राहतात, ओल आली की त्यातून वीज झिरपते. भिजलेला स्विच, सॉकेट किंवा एमसीबी वाळवून वापरू नये, बदलावाच. वायरिंगची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, त्याला मेगर लागतो, म्हणजे वायरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारं यंत्र. ५०० व्होल्टवर निदान १ मेगाओहम दाखवल्याशिवाय ते सर्किट जोडू नये.

रबरी चप्पल कोरडी असेल तर थोडा आडोसा होतो, एवढंच. ती चिंब असेल तर तोही उरत नाही. आणि एक हात बोर्डावर आणि दुसरा ओल्या भिंतीवर असेल, तर वीज पायांकडे जातच नाही, छातीतून जाते.

आणि ताडपत्री. घरात पाणी पडताना बघवत नाही, हे मला कळतं. तरी वारा पडेपर्यंत बादल्या ठेवा, सामान हलवा. ओला पत्रा पायाखालून सटकतो, आणि तुटलेली सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी तार) पत्र्याला टेकली असेल तर सगळं छप्परच विजेचं झालेलं असतं. जमिनीवर तार पडलेली दिसली तर निदान १० मीटर लांब राहा. छपरावर सौर पॅनेल असतील तर मेन बंद असतानाही दिवसा त्यांच्या तारांत वीज असते. फॉल्स सीलिंग फुगलं असेल तर त्याखाली उभं राहू नका: एक चौरस मीटरवर दोन सेंटिमीटर पाणी साचलं तरी २० किलो वजन होतं. वारा थांबल्यावर, दिवसाउजेडी, खाली शिडी धरायला कुणी असताना चढा. ताडपत्री भोकापुरती टाकू नका. आढ्यावरून पलीकडे निदान दीड-दोन हात न्या, म्हणजे वरून येणारं पाणी तिच्या खाली शिरणार नाही.

तपासणी झाल्यावर वीज चालू करतानाही सगळे एमसीबी पाडून ठेवा, आधी मेन लावा, मग एकेक वर करा. जो लावताच पडतो त्याला पुन्हा पुन्हा दाबून बसवू नका. तो तसाच खाली ठेवा आणि वायरमनला तिथूनच सुरुवात करायला सांगा.