खरपूस म्हणजे करपलेलं नव्हे

ओव्हनमध्ये भाज्या भाजणाऱ्यांना धाकात ठेवणारा एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन नातेवाइकांकडून आला, तिन्ही वेळा शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट. त्याचं सार असं: भाजलेली भाजी म्हणजे मेलेली भाजी, तिच्यातलं सगळं सत्त्व जळतं, म्हणून भाजी उकडूनच खावी. भाजायला तेल ओतावं लागतं आणि ओव्हनच्या उष्णतेत त्याचं विष होतं. तपकिरी झालेली प्रत्येक कड कर्करोगाला आमंत्रण देते. एवढं करून घरच्या ओव्हनमध्ये भाजी खरपूस होतच नाही, त्याला हॉटेलची भट्टीच लागते. शेवटी दोन सूचना: मीठ वाढतानाच घाला, नाहीतर पाणी सुटतं, आणि फॉइल अजिबात वापरू नका, त्याने मेंदूवर परिणाम होतो.

यातली एक गोष्ट बरीचशी खरी आहे, एक अर्धी खरी आहे, बाकीचं भीतीवर उभं आहे. क्रमानेच घेऊ.

‘सगळं सत्त्व जळतं.’ सगळं म्हणजे काय काय? पोटॅशियम, लोह, कॅल्शियम ही मूलद्रव्यं आहेत. २२० अंश सेल्सियसचा ओव्हन सोडाच, लोहाराच्या भट्टीतही ती नाहीशी होत नाहीत. तंतूही जागेवर राहतात. उष्णतेला खरोखर नाजूक असतात ती मुख्यतः क जीवनसत्त्व आणि फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. भाजताना त्यांचा काही भाग जातो, हे मान्य. पण दोन्ही पाण्यात विरघळणारी आहेत. भाजी भरपूर पाण्यात उकडली की उष्णतेने जायचं ते जातंच, वर उरलेल्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओततो. पोटॅशियमही त्याच वाटेने जातं. म्हणजे संदेश ज्या पद्धतीची शिफारस करतो, तीच या बाबतीत जास्त खर्चीक. क जीवनसत्त्व वाचवणं हाच एकमेव हेतू असेल तर भाजी थोडा वेळ वाफवावी किंवा मायक्रोवेव्हमध्ये शिजवावी. तिथे भाजणंही मागे पडतं. उलट गाजर आणि लाल भोपळा यांतलं बीटा-कॅरोटीन (यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) तेलात विरघळणारं. कच्च्या गाजराच्या टणक पेशींत ते अडकून बसलेलं असतं. शिजल्यावर पेशींच्या भिंती सैलावतात आणि सोबत थोडं तेल असलं की शरीराला ते जास्त मिळतं. मेलेल्या भाजीकडून एवढी अपेक्षा कुणी करणार नाही.

तेलाचा हिशोब सोपा आहे. अर्धा किलो भाजीला मला मोठा चमचाभर तेल पुरतं, म्हणजे १५ मिलिलिटर, साधारण १२० कॅलरी. चार जणांत वाटले तर माणशी ३०. युक्ती एवढीच की तेल ट्रेमध्ये ओतायचं नाही. भाजी मोठ्या पातेल्यात घ्यायची, वरून तेल सोडायचं आणि हाताने चोळायचं. प्रत्येक फोड चमकली पाहिजे, पण पातेल्याच्या तळाशी तेल साचता कामा नये. वांगं आणि मश्रूम थोडं जास्त मागतात, वांगं तर स्पंजासारखं पितं. पण तेल लागतंच. कोरडी फोड चामड्यासारखी सुकते, कारण गरम हवेपेक्षा तेलाचा पातळ थर उष्णता फोडीला चांगली पोहोचवतो.

राहिलं विष. शुद्ध केलेलं सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांच्या आसपास धुरायला लागतं, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल १९० ते २१० अंशांच्या दरम्यान. ओव्हनचा आकडा २२० असला म्हणून फोड २२० अंशांची होत नाही. आत पाणी आहे तोवर तिचा गाभा १०० च्या वर चढत नाही, आणि सुकलेला पृष्ठभागही शेवटपर्यंत ओव्हनच्या आकड्याच्या बराच खाली राहतो. भाजीवरून निथळून उघड्या पत्र्यावर पडलेले थेंब मात्र खरंच तापतात. घासून न निघणारे पिवळट चिकट डाग पडतात ते त्यांचेच. तो वैताग भांडी घासणाऱ्याचा. तेवढाही नको असेल तर तेल हात राखून घ्या आणि उच्च तापमानाला चालणारं तेल निवडा.

आता कर्करोग. या मुद्द्यात सत्याचा कण आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

२००२ साली स्वीडनचं अन्न प्रशासन आणि स्टॉकहोम विद्यापीठातले संशोधक यांनी जाहीर केलं की पिष्टमय पदार्थ तळले, भाजले की त्यांत अॅक्रिलअमाइड नावाचं रसायन तयार होतं. अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोजसारख्या साखरा १२० अंशांच्या वर एकत्र आल्या की ते बनतं. उकडताना तापमान १०० च्या वर जात नाही, म्हणून त्यात ते बनत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच या पदार्थाला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं. संदेशाचा प्रवास इथूनच सुरू झाला असावा, फक्त वाटेत ‘बहुधा’ गळालं. हे वर्गीकरण प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेलं आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली सगळा पुरावा पुन्हा तपासला, तेव्हा आहारातून जाणारं अॅक्रिलअमाइड आणि माणसांमधला कर्करोग यांचा संबंध दाखवणारा पुरावा मर्यादित आणि विसंगत असल्याचं नमूद केलं. तरी त्याचं प्रमाण शक्य तितकं कमी ठेवावं, हाच सल्ला कायम राहिला, आणि तो रास्त आहे.

पण ‘कमी ठेवा’ आणि ‘भाजू नका’ यांत अंतर आहे, आणि ते दाखवायला आपल्या भाषेत शब्द तयार आहेत. खरपूस वेगळं, करपलेलं वेगळं. खरपूस म्हणजे सोनेरी ते हलकी तपकिरी, वास खमंग, चव गोडसर. करपलेलं म्हणजे काळं, कडू, वास नाकात चढणारा. पहिल्यासाठी भाजायचं, दुसऱ्याच्या आत थांबायचं. यात जपायचं ते सर्वात जास्त बटाट्याला, कारण अॅस्परॅजिन आणि साखर दोन्ही त्याच्यात हजर असतात. बटाट्याच्या फोडी १५ ते ३० मिनिटं पाण्यात ठेवून, ते पाणी टाकून, फोडी पुसून कोरड्या कराव्यात. वरची साखर धुऊन जाते. रंग सोनेरी झाला की ट्रे बाहेर. एखादी कड काळी झालीच तर ती कापून टाकावी. घरात अशी कड आवडीने खाणारं कुणीतरी असतंच. माझ्या घरी ते मी आहे, आणि ही सवय सुटलेली नाही.

तपकिरी रंग येतो तोही याच रसायनातून: अमिनो आम्लं आणि साखर. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ साली या अभिक्रियेबद्दल लिहिलं. साधारण १४० अंशांच्या वर ती जोर धरते आणि तिच्यातून शेकडो वासाचे, चवीचे पदार्थ तयार होतात. फार वेळ उकडलेल्या फ्लॉवरचा गंधकाचा दर्प आणि भाजलेल्या फ्लॉवरचा दाण्यांसारखा वास शेजारी ठेवून पाहा. एकाच भाजीचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

‘घरच्या ओव्हनमध्ये जमतच नाही’ हा मुद्दा मला सगळ्यात खटकतो, कारण तो वाचून लोक प्रयत्नच सोडतात. घरच्या ओव्हनमध्ये भाजी पचपचीत होते, हे निरीक्षण बरोबर. मीही वर्षभर तशीच खाल्ली. दोष मात्र ओव्हनला दिला जातो तो चूक आहे. १४० अंश गाठायचे, आणि भाजी तर पाण्याने भरलेली: फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणी, गाजरात ८८, बटाट्यात ७९. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांवर अडून राहतो. १ ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० कॅलरी उष्णता लागते आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० (या भौतिकशास्त्रातल्या कॅलरी, मघाच्या तेलातल्या नव्हेत, खाण्यातली एक म्हणजे या हजार). म्हणजे ओव्हनची बहुतेक ताकद भाजी तापवण्यात जात नाही, पाणी उडवण्यात जाते. नळाखाली धुऊन तशीच निथळत ट्रेमध्ये टाकलेली भाजी म्हणजे ओव्हनला दिलेलं जादा काम.

आणि ती वाफ जाते कुठे? १ ग्रॅम पाण्याची वाफ साधारण १.७ लिटर जागा व्यापते. अर्धा किलो फ्लॉवरने भाजताना दीडशे ग्रॅम पाणी सोडलं तर अडीचशे लिटर वाफ झाली. घरच्या ओव्हनचं पोट बहुधा त्याच्या चौथाईही नसतं. फोडी एकमेकींवर रचलेल्या असल्या की ही वाफ त्यांच्यातच घुटमळते, आणि आपण भाजायला ठेवलेली भाजी मुकाट्याने वाफवली जाते. हॉटेलच्या भट्टीत पंखा जोरकस असतो आणि वाफ बाहेर पडायला वाट असते, एवढाच फरक. तो घरी भरून काढता येतो.

भाजी आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी धुऊन कापडावर पसरून ठेवावी. ओव्हन आधीच २२० वर पूर्ण तापू द्यावा. पंखा असेल तर २०० पुरे. रिकामा ट्रे आत ठेवून तापवला आणि त्यावर भाजी पसरताना चर्र आवाज आला, की निम्मी लढाई जिंकली. फोडी साधारण ३ सेंटिमीटरच्या, एका थरात, मधे बोटभर अंतर. जागा पुरत नसेल तर दोन ट्रे घ्यावेत, किंवा दोनदा भाजावं. एकाच ट्रेमध्ये कोंबण्याइतकी घाई कधीच नसते. फ्लॉवरचे तुरे मधोमध चिरून सपाट बाजू खाली ठेवावी, कारण पत्र्याला टेकलेला भागच आधी रंगतो. पहिली पंधरा मिनिटं अजिबात ढवळायचं नाही. मग एकदा उलटवायचं, आणि अधूनमधून दार उघडून वाफ बाहेर सोडायची. फ्लॉवरला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. गाजर, बीट, बटाटा यांना जास्त, ढोबळी मिरचीला कमी. म्हणून सगळ्या भाज्या एकाच वेळी आत ढकलू नयेत. कडक भाज्या आधी, मऊ मागून. कांद्याच्या जाड फोडी मधे कुठेतरी. बारीक चिरलेला लसूण सुरुवातीला घातला तर तो करपून सगळ्या ट्रेला कडू करतो. सालीसकट अख्ख्या पाकळ्या टाकाव्यात, किंवा चिरलेला शेवटच्या पाच मिनिटांत.

एअर फ्रायरवाल्यांनी हसू नये. तोही पंखा लावलेला छोटा ओव्हनच आहे, आणि टोपली गच्च भरली की तिथेही हेच होतं.

मिठाबद्दलचा मुद्दा अर्धा खरा. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं, हे खरं. पण त्याला वेळ लागतो. तेल-मीठ चोळून भाजी लगेच ओव्हनमध्ये गेली तर सुटणारं थोडंसं पाणी उष्णतेत उडून जातं आणि मीठ आतपर्यंत मुरतं. मीठ लावून भाजी अर्धा तास ओट्यावर विसरलात तर मात्र पातेल्यात तळं साचेल. वांग्याला तर मी मुद्दाम आधी मीठ लावते, पाणी सुटू देते आणि पुसून घेते. त्याने ते तेलही कमी पितं. वाढताना वरून भुरभुरलेलं मीठ फक्त जिभेच्या टोकाला लागतं, फोड आतून अळणीच राहते.

फॉइलची सूचना मला मान्य आहे, कारणासाठी मात्र नाही. संदेशात मेंदूबद्दल जे लिहिलंय ते भीती दाखवण्यापुरतं. आंबट आणि खारट पदार्थांच्या संगतीत फॉइलमधलं अॅल्युमिनियम अन्नात जास्त उतरतं, आणि जर्मनीची जोखीम-मूल्यांकन संस्था अशा पदार्थांसाठी ते टाळायला सांगते. टोमॅटो किंवा लिंबू लावलेली भाजी फॉइलवर न ठेवलेलीच बरी. बेकिंगचा कागद चालतो, त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या मर्यादेत. नुसता पत्रा सगळ्यात उत्तम, रंगही त्याच्यावरच चांगला येतो.

आणि लिंबाचं म्हणाल तर ते तसंही आधी पिळू नये. आंबटपणाने पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं आणि भाजी लवकर मऊ होत नाही. ट्रे बाहेर आला, फोडी अजून चुरचुरताहेत, तेव्हा पिळावं.