लगीनघाई आणि पिवळा ताप

"मामा, तू फक्त सगळ्यांच्या तिकिटांचं बघ," भाची टोरांटोहून फोनवर म्हणाली. ऑगस्ट चालू होता, लग्न नाताळात होतं आणि मी बेसावध होतो. लग्नात मुलीच्या पाठीशी उभं राहायचं, फोटोत अर्धवट दिसायचं आणि नंतर जेवायला बसायचं, मामाचं काम एवढंच अशी माझी समजूत होती. मी हो म्हणालो.

मुलगा टोरांटोतला, पण मूळचा त्रिनिदादचा. आडनाव महाराज. आमच्याकडे महाराज म्हणजे लग्नात जिलब्या तळायला येतात ते, त्यामुळे "जावई महाराज आहेत" हे ऐकून आत्याबाई दोन मिनिटं नुसतं पाणीच पीत बसल्या. मग उलगडा झाला. मंडळी पाच-सहा पिढ्यांपूर्वी उत्तर प्रदेशातून उसाच्या मळ्यांवर कराराने गेलेली. अजूनही घरात रामायण वाचतात आणि अंगणात बांबूला झेंडे लावून पूजा करतात. लग्न मुलाच्या आजीच्या घरी, त्रिनिदादमधल्या शगुआनास गावाजवळ होणार होतं. आजींचं वय शहाऐंशी. त्या विमानात बसायला तयार नव्हत्या, म्हणून ठाण्यातून आम्ही अकरा जणांनी बसायचं असं ठरलं.

मी लगेच व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. पहिलाच प्रश्न आला, "त्रिनिदाद म्हणजे मॉरिशसच्या बाजूला ना?" दुसऱ्याने आफ्रिका सुचवली. तिसऱ्याने "वेस्ट इंडीज नावाच्या देशात" अशी ठाम माहिती दिली. बेट व्हेनेझुएलापासून जेमतेम ११ किलोमीटरवर आहे आणि पुणे जिल्ह्यात अशी तीन त्रिनिदादं मावतील, असं मी नकाशासकट लिहिलं. त्यावर चार अंगठे आणि एक सुप्रभात आली.

पत्ता बिनचूक माहीत होता तो फक्त नानांना. नाना म्हणजे मेहुण्यांचे काका, वय एकाहत्तर. "पोर्ट ऑफ स्पेन! क्वीन्स पार्क ओव्हल! १९७१ सालचा मार्च! गावसकरचा पहिला सामना, ६५ आणि नाबाद ६७. आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते तिथेच. कॅप्टन आपला वाडेकर. आणि सगळे गावसकरचे ७७४ सांगतात, पण सरदेसाईंच्या ६४२ धावांचं नाव कोणी काढत नाही." लग्न कोणाचं, मुलगा काय करतो, हे नानांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मैदान घरापासून किती लांब आहे, एवढंच विचारलं.

आत्याबाईंची हरकत वेगळीच होती. "धनुर्मासात लग्न? आपल्यात नाही करत." त्यांचं बरोबर होतं. पण मुलाच्या बाजूच्या साठ माणसांना रजा नाताळातच, भाचीलाही तेव्हाच, आणि तिकडच्या पंडितजींनी नाताळनंतरचा रविवार काढून दिलेला. "मुहूर्त पंचांगावरून काढलाय की कॅलेंडरवरून?" आत्याबाईंनी विचारलं. मी विषय बदलून खिडकीच्या सीटवर नेला. धनुर्मास तिथेच सुटला.

आता तिकिटं. भारतीय पासपोर्टवर त्रिनिदादला पर्यटक म्हणून जायला व्हिसा लागत नाही, हे वाचून मी एक अख्खी संध्याकाळ आनंदात घालवली. मग कळलं की अडचण पोचण्याची नाही, वाटेची आहे. मुंबईहून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीत विमान बदलायचं तर नुसतं या दारातून त्या दारात जायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. टोरांटोवरून गेलं तर कॅनडाचा हवा, आणि येताना पुन्हा टोरांटोच असल्यामुळे तो एकापेक्षा जास्त वेळा आत सोडणारा हवा. म्हणजे घरमालक म्हणतो या, दार उघडंच आहे. वाटेतला वॉचमन मात्र आधार कार्ड मागतो.

अकरा जणांचे तीन गट झाले. नाना आणि माई यांच्याकडे न्यू जर्सीच्या नातवामुळे अमेरिकेचा व्हिसा होता. ताई, मेहुणे, आत्याबाई, आम्ही दोघं आणि आणखी दोघांनी कॅनडाचा काढायचा ठरवला, बोटांचे ठसे वगैरे देऊन. उरलेल्या दोघांचे कागद वेळेत झाले नाहीत. त्यांना ॲमस्टरडॅममार्गे घालायचं. मी एक्सेलची शीट केली. गटांना रंग दिले. आत्याबाईंनी हिरवा मागितला, तो ॲमस्टरडॅमचा निघाला, तर त्या ॲमस्टरडॅमला जायला तयार झाल्या. मी रंग बदलला.

नाताळात त्रिनिदादला जाणं म्हणजे काय, हे कोकणी माणसाला एका वाक्यात कळतं: गणपतीत कोकणकन्येचं तिकीट. न्यूयॉर्क आणि टोरांटोतले समस्त त्रिनिदादी त्या आठवड्यात घरी निघालेले असतात, हातात खोकी, डोक्यावर टोप्या. त्यांनी तिकिटं आदल्या वर्षीच काढलेली. दादरला रांग लावून मिळणार असतं तर मी सतरंजी घेऊन रात्री बारालाच जाऊन बसलो असतो. इथे रांगच दिसत नव्हती, नुसते आकडे वर चढताना दिसत होते. मी ग्रुपवर भाव टाकायचो, मंडळी चर्चा करायची, चर्चा संपेपर्यंत भाव अकरा हजारांनी वाढलेला असायचा. मग कोणीतरी लिहायचं, "मघाचाच घ्या ना."

शिवाय प्रत्येक घरात एक 'ओळखीचा' असतो. आमच्याकडचा मेहुण्यांच्या मित्राचा साडू. तो स्वस्तात काढून देतो, अशी कीर्ती. त्याच्यासाठी आम्ही सहा दिवस थांबलो. सातव्या दिवशी त्याने फोन करून विचारलं, "साहेब, त्रिनिदादचं स्पेलिंग सांगता का?"

तिकिटं झाली. मी शीटच्या खाली जाड रेघ ओढली आणि बायकोला म्हणालो, संपलं. त्याच रात्री मला भारत सरकारची ती यादी दिसली.

पिवळा ताप ज्या देशांत होऊ शकतो त्यांची ही यादी. तिथून येणाऱ्या माणसाकडे लस घेतल्याचा दाखला नसेल, तर परतल्यावर विमानतळावरूनच त्याला विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. आफ्रिकेतले देश, दक्षिण अमेरिकेतले देश, आणि शेवटाकडे एक ओळ: त्रिनिदाद आणि टोबॅगो, कंसात 'फक्त त्रिनिदाद'. एकच देश, दोन बेटं. टोबॅगोत लग्न असतं तर काही नाही. ऑगस्टपासून हा 'फक्त' माझ्या मागे लागलाच होता.

लस कुठेही मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. ग्रुपवर बातमी टाकताच इतकी शांतता पसरली की नेट गेलं असं मला वाटलं. मग नानांनी नियम बारकाईने वाचून वाट काढली. "तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात आलं तरच पकडतात. आपण येताना टोरांटोत सात दिवस राहिलो तर?" नाना स्वतः न्यूयॉर्कवाले होते. पण उणे दहा अंशांत सात दिवस की दंडात एक सुई, यावर मतदान घेण्याची त्यांची सूचना तीन जणांनी उचलून धरली.

केंद्रावर आत्याबाईंना घेऊन मीच गेलो. साठीच्या पुढच्यांना ही लस जरा विचारपूस करूनच देतात. डॉक्टरीणबाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होत्या.

"अंड्याची ॲलर्जी आहे?"

"कशी असेल? आयुष्यात कधी खाल्लेलं नाही."

"मग सांगता येत नाही. ही लस अंड्यात वाढवतात, म्हणून विचारते."

आत्याबाई उठल्याच. दारापर्यंत गेल्या. मी मागून काही बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून नुसता उभा राहिलो. त्या दारात थांबल्या, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, टोकन नंबर चौतीस चालू होता हे पाहिलं, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. "दंडाला सोवळं नसतं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "टोचा." नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं, तेव्हा पर्समधून सुपारी काढून दिली मला. दाखल्याची पिवळी पुस्तिका त्यांनी घरी नेऊन देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली, पंचांगाशेजारी.

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर हा लेख तेवीस किलोंच्या वर जाईल. टोरांटोसाठी स्वेटर, त्रिनिदादच्या तीस अंशांसाठी सुती, लग्नासाठी पैठण्या. आत्याबाईंनी मिक्सर घेतला होता. तिकडची वीज ११५ व्होल्टची, आपला मिक्सर तिथे उसासे टाकेल, असं मी समजावलं. तेव्हा त्यांनी खलबत्ता घेतला. लोखंडी. मुंबई विमानतळावर तो पडद्यावर दिसला तेव्हा चार जवान जमा झाले.

निघण्याच्या रात्रीपासून पोचेपर्यंत मी झोपलो नाही, कारण तिन्ही गट वेगवेगळ्या आकाशांत होते आणि सगळ्यांचे मेसेज मला येत होते. "इथे वडा आहे का?" हा ॲमस्टरडॅमहून. "गेट बदललं वाटतं," हा नानांचा, आणि पुढे दोन तास काहीच नाही. तरी त्रिनिदादच्या पिआर्को विमानतळावर तेवीस डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा माणसं उतरली. मी पुन्हा पुन्हा मोजली. नानांची बॅग मात्र उतरली नाही.

गुरुवारी नाताळ, शुक्रवारी बॉक्सिंग डे, दुकानं बंद. मुलाच्या चुलतभावाने नानांना स्वतःचे कपडे दिले. त्यातला त्यांना बसेल असा शर्ट एकच निघाला, वेस्ट इंडीजच्या टीमचा, मरून रंगाचा. १९७१ चा विजय छातीवर मिरवायला आलेला माणूस त्या शर्टात ओव्हलच्या बंद फाटकाला हात लावून उभा आहे, असा फोटो माझ्याकडे आहे. नाना तो कोणाला दाखवू देत नाहीत.

बाकी मंडळींना परकं वाटायला वेळच मिळाला नाही. गाड्या डावीकडून चालतात, जिऱ्याला गीरा म्हणतात, आणि धालपुरी म्हणजे गूळ विसरलेली पुरणपोळी. नाताळचा काळा केक आत्याबाईंनी तीन तुकडे खाल्ला. "मनुका काय मुरल्यात!" महिनोन्‌महिने रममध्ये मुरल्यात, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरच्या सुनेने सांगितलं, चौथ्या तुकड्याला. शुक्रवारी मातीकोर झाला, म्हणजे बायकाच जमून शेतातली माती उकरतात आणि ताशाच्या तालावर नाचतात. पुरुषांना तिथे मज्जाव, त्यामुळे आत्याबाईंनी नक्की काय केलं ते मला ऐकीवच माहीत आहे. परत आल्या तेव्हा पदराला माती होती आणि आवाज बसला होता. रविवारी अंतरपाट धरला, मी भाचीच्या पाठीशी उभा राहिलो, फोटोत अर्धवट आलो.

जेवणं उरकल्यावर आजींनी बोलावणं पाठवलं. पांढरी ओढणी, काठीवर दोन्ही हात. घरात सगळे त्यांना आजीच म्हणतात, भोजपुरीतही बापाच्या आईला आजीच. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या कव्हरात एक कागद होता. त्यांच्या आजोबांना कलकत्त्याच्या डेपोत मिळालेल्या परवान्याची नक्कल: नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरच्या खुणा. या बेटावर अशा माणसांचं पहिलं जहाज १८४५ च्या मे महिन्यात लागलं, साडेतीन महिन्यांचा प्रवास करून. यांचे आजोबा बरेच नंतरच्या जहाजातले. जिल्ह्यापुढे 'बस्ती' लिहिलं होतं. त्याच्या खालच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. छापील इंग्रजी अक्षरं होती: ठाणा.

"तुम्ही ठाण्याचे," त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमचा आजाही ठाण्याचा. मी मुलाला पहिल्या दिवशीच सांगितलं, ही पोर आपल्या गावची."

ठाणा म्हणजे पोलीस ठाण्याची हद्द, ते गाव नव्हे. चार महिने मी प्रत्येकाच्या भूगोलात दुरुस्त्या करत आलो होतो, ही शेवटची दुरुस्ती ओठांवर आली होती. आत्याबाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

"हां हां, हमारा ही ठाणा," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "स्टेशन से दस मिनट."

आजी खूष झाल्या. जानेवारीत ठाण्याला स्वागत समारंभ आहे ना, मग मी येते, म्हणाल्या. सोबत दोन मुलं, एक सून, आणि पंडितजी आलेच. ताई माझ्याकडे बघायला लागली. भाची बघायला लागली. मी फोन काढून शीट उघडली, जाड रेघ पुसली आणि खाली नवी ओळ घातली: आजी, वय ८६, लस?

"खिडकीची सीट लिहा," आत्याबाई म्हणाल्या. "हिरव्या गटात."