‘पंधरा दिवसांत सवय होते’: रात्रपाळीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातील कामगार वस्त्यांमध्ये सध्या एक संदेश या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. रात्रपाळीची शरीराला पंधरा दिवसांत सवय होते. आठ तासांची झोप रात्री घ्या वा दिवसा, गुण एकच. आपले आजे मिलमध्ये तिन्ही पाळ्या करून ऐंशी वर्षे जगले. कर्करोगाची आणि हृदयविकाराची गोष्ट हा नुसता बागुलबुवा आहे. पेंग आली तर कडक चहा प्यावा. आणि पाळी दर आठवड्याला बदलत राहिली की शरीर ताजे राहते, असे त्यात म्हटले आहे. लिहिणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असेलही, परंतु ज्याला रात्रभर मागासमोर उभे राहायचे आहे, त्याची या धीराने फसगत होते.

सवयीचे आधी पाहू, कारण बाकीचा संदेश तिच्यावरच उभा आहे. झोप, शरीराचे तापमान, पचन आणि संप्रेरके यांची वेळ मेंदूतील पेशींचा एक लहानसा पुंजका ठरवतो आणि हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लावले जाते. या घड्याळाचे काम पेशींच्या आत कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचा कामगार सकाळी सातला अक्कलकोट रोडवरून सायकलीने घरी निघतो, तेव्हा समोरचे ऊन त्या घड्याळाला ‘आता दिवस सुरू झाला’ असेच सांगते, आणि रात्रभरात जे थोडेफार सरकले असेल ते पुन्हा जागेवर येते. सुटीच्या दिवशी तो बायकामुलांबरोबर रात्रीच झोपतो, म्हणजे राहिलेलेही पुसले जाते. त्यामुळेच वर्षानुवर्षे केवळ रात्रपाळीच करणाऱ्यांमध्येसुद्धा ज्यांचे घड्याळ पूर्णपणे उलटले आहे, असे लोक शंभरात तीनही सापडत नाहीत. समुद्रातील तेलविहिरींवर काही कामगारांचे शरीर एक-दोन आठवड्यांत जुळवून घेते, हे खरे. पण तिथे घर नाही, बाजार नाही आणि पाळी सुटल्यावर उन्हातून घरी जाणेही नाही.

दिवसाची झोप रात्रीइतकीच, हा दुसरा दावा. गेल्या मे महिन्यात पूर्वभागातील पत्र्याच्या एका खोलीत मी भर दुपारी बसलो होतो. बाहेर पारा चाळिशीच्या पार गेलेला, खिडकीला उजेड अडवण्यासाठी जुनी चादर टांगलेली, आणि रात्रपाळी करून आलेला घरधनी ओला टॉवेल छातीवर टाकून फरशीवर पडलेला. बायको वळलेल्या विड्या जमा करायला गेली होती. इतक्यात गल्लीत ‘पाणी आलं’ अशी हाक उठली. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ही हाक ऐकून कोण झोपून राहील? तो उठला, पिंप आणि घागरी भरल्या, पुन्हा आडवा झाला. पण झोप काही परत आली नाही. खोली थंड, अंधारी आणि शांत असती तरी आठ तास भरले नसते, कारण सकाळपासून शरीराचे तापमान चढू लागते आणि तेच माणसाला जागे करते. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणपणे एक ते चार तासांनी तोकडी पडते. ही तूट रोजची असते, हे संदेशात कुठेच येत नाही.

आजोबांचा दाखला मला सर्वांत फसवा वाटतो, कारण तो मायेने दिलेला असतो. जुनी मिल १८७७ सालची. तिच्या भोंग्यावर या शहराने कित्येक पिढ्या घड्याळे लावली. पण ज्यांना पाळ्या झेपल्या तेच मिलमध्ये टिकले; पोट आणि रक्तदाब बिघडलेले मधेच काम सोडून गेले, आणि त्यांच्या वयाच्या गोष्टी आज कोणी सांगत नाही. शिवाय मिलची पाळी आठ तासांची होती. आजच्या अनेक यंत्रमाग कारखान्यांत ती बारा तासांची असते, तेव्हा मुळात तुलनाच जुळत नाही.

आता बागुलबुवाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात २००७ मध्ये घातले आणि २०१९ मध्ये फेरतपासणीनंतर तिथेच ठेवले. याच गटात तांबडे मांसही आहे. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नव्हे. म्हणून रात्रपाळी केली की कर्करोग होतोच, असे म्हणणाऱ्यांचेही मी समर्थन करणार नाही. हृदयाची आकडेवारी अधिक स्पष्ट आहे. वीस लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये केलेल्या विश्लेषणात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी अधिक आढळले. मधुमेहाचेही तसेच आहे, कारण तेच जेवण मध्यरात्री घेतले तर रक्तातील साखर दिवसापेक्षा जास्त चढते.

चहाने पेंग जाते, एवढे खरे आहे. मात्र पहाटे चारला प्यायलेल्या चहातील निम्मे कॅफीन सकाळी नऊच्या सुमारासही रक्तात असते आणि आधीच तोकडी असलेली झोप आणखी कापते. तंबाखूतील निकोटीनही झोप उडवणारेच. शिवाय चहाने डोळे उघडे राहिले तरी हात तितकेच चपळ राहतील, याची खात्री नसते. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसासारखा चुका करतो, हे १९९७ च्या एका प्रयोगात दिसले. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. कामाआधी घरी तासभर पडणे, किंवा मालकाने परवानगी दिली तर मध्यरात्री वीस मिनिटे डोळे मिटणे, हे चहापेक्षा उजवे.

राहिली दर आठवड्याला पाळी बदलण्याची शिफारस. शरीर थोडेसे वळू लागते न लागते तोच पाळी फिरते, म्हणून सलग सहा-सात रात्री आणि मग बदल ही पद्धत सर्वांत वाईट ठरते. बदल करायचाच असेल तर दोन-तीन रात्रींनंतर करावा आणि पहिल्या पाळीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा पुढे न्यावा, कारण आपले आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते आणि त्याला उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. पाळ्यांचा तक्ता कामगार लिहीत नाही, मुकादम किंवा मालक लिहितो. हा संदेश कामगारांऐवजी त्यांच्या मोबाइलवर गेला असता तर निदान हा मुद्दा तरी योग्य माणसापर्यंत पोहोचला असता.