जटायूचे वंशज आणि आमचा वायपर

‘गाडीचा वायपर गिधाडाने खाल्ला’ हे वाक्य माझ्या मुलाने गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोनवरून तीन वेळा सांगितले आणि तिन्ही वेळा ते सांगताना तो माझ्याकडे पाहत होता. त्याला आज चार दिवस झाले. घरात कोणी त्याविषयी बोलत नाही, आणि माझी तक्रार नेमकी त्याच न बोलण्याविषयी आहे.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 15 लाख एकर आहे. मी तीस वर्षे भूगोल शिकवला. उपोष्ण कटिबंध फळ्यावर खडूने इतक्या वेळा रंगवला की तो प्रत्यक्ष पाहण्याचा मला थोडाफार हक्क आहे असे मला वाटत होते. नातवंडे धरून आम्ही सहा जण मुलाच्या गाडीत मावेनात, म्हणून मोठी गाडी भाड्याने घेतली. एरवी कोऱ्या गाडीचे फारसे कौतुक नसलेला मी त्या दिवशी तिच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतला. दोन्ही वायपर असलेला तो तिचा शेवटचा फोटो.

या उद्यानात शिरल्यावर काही अंतराने रस्त्याच्या कडेला ‘रॉक रीफ पास, उंची 3 फूट’ अशी पाटी लागते. ‘पास’ म्हणजे खिंड. बोरघाटातून आणि वरंध्यातून मुलांच्या सहली नेलेल्या माणसाने अशा पाटीपुढे काय करावे? माझा धाकटा नातू त्या खिंडीहून उंच आहे. मी हसलो आणि तिथेच चुकलो, कारण या प्रदेशात जो काही भूगोल आहे तो इंचांतच आहे. खाली चुनखडक, त्यावरून दक्षिणेकडे इतक्या संथपणे सरकणारे पाणी की ते वाहते आहे हे सांगावे लागते, त्यात मैलोन्‌मैल करवती पात्यांचे गवत, आणि जमीन वीतभर उंच झाली की लगेच तिथे दाट झाडीचे बेट. सह्याद्रीला ज्यासाठी हजार मीटर लागतात ते हा प्रदेश वीतभरात उरकतो. हे सगळे मी गाडीत सविस्तर समजावून सांगत होतो. सूनबाई ऐकत होत्या. निदान त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

परतीच्या वाटेवर आम्ही ‘अ‍ॅनहिंगा ट्रेल’ या पायवाटेपाशी थांबलो. अ‍ॅनहिंगा हा आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा सख्खा चुलतभाऊ. वाहनतळावर ठळक सूचना होती की येथील गिधाडे गाड्यांचे रबर कुरतडतात, तरी गाडी झाकून ठेवावी. त्यासाठी निळ्या ताडपत्र्या आणि त्या ताणून बांधायच्या लवचिक दोऱ्याही ठेवलेल्या होत्या, आणि त्याही फुकट. मुलगा दोन्ही नातवंडांना घेऊन स्वच्छतागृहाकडे वळला आणि जाता जाता म्हणाला, “बाबा, तेवढी ताडपत्री घालून ठेवा.”

मी ताडपत्री उलगडून तिची उभी बाजू कोणती आणि आडवी कोणती याचा शोध घेत असतानाच मागून अस्सल मराठी आवाज आला.

“कशाला त्या भानगडीत पडता?”

बाकावर एक गृहस्थ बसले होते. जानेवारीतही तिथे घाम येत होता, तरी त्यांच्या अंगात हातमागाचे जाकीट होते आणि डोक्यावर कानटोपी होती. उन्हाने नाकाची साल निघाली होती. या भागात गंबो-लिंबो नावाचे एक झाड आहे. त्याची लालसर साल सोलवटत असते, म्हणून इथले लोक त्याला थट्टेने ‘पर्यटकांचे झाड’ म्हणतात. ते झाड मला त्या दिवशी प्रथम या बाकावर दिसले.

“पाटी लिहिली आहे ना,” मी म्हणालो.

“पाटी लिहिणाऱ्याचं काय जातं! मला सांगा, गिधाड काय खातं?”

“मेलेली जनावरं.”

“मग तुमची गाडी मेलेली आहे का?”

या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात काही खोट आहे हे जाणवत होते, पण परदेशात चार आठवडे काढलेल्या माणसाला मराठीतला चुकीचा तर्कदेखील इंग्रजीतल्या बरोबर पाटीपेक्षा विश्वासार्ह वाटतो.

“नवीन दिसते,” ते गाडीकडे पाहत म्हणाले. “नव्या रबराला वास नसतो. जुन्या गाड्यांसाठी असतं ते. आणि ताडपत्रीची दोरी घासून रंग गेला तर भरून कोण देणार? तुम्ही. वहिनी, तुम्हीच सांगा.”

वहिनींनी, म्हणजे माझ्या पत्नीने, सांगितले की ह्यांना ती ताडपत्री अशीही घालता येणार नाही. मी तिची घडी करून ठेवली. मुलाने परत आल्यावर “बाबा, नक्की?” असे विचारले, तेव्हा मी “माहितगार गृहस्थ आहेत” असे उत्तर दिले. मी बोललेल्या शब्दांपैकी हे तीन मला परत घेता आले असते तर फार बरे झाले असते.

पायवाट मात्र खरोखर सुंदर आहे. पाण्यावर बांधलेल्या लाकडी वाटेवरून चालताना खाली अ‍ॅलिगेटर दुपारच्या जेवणानंतरच्या पुणेकरासारखे निश्चल पडलेले असतात, आणि तिरंदाजाचा चुलतभाऊ भिजलेले पंख पसरून धोतर वाळत घातल्यासारखा बसलेला असतो. आम्ही तासाभराने परतलो.

आमच्या गाडीच्या टपावर दोन काळी गिधाडे बसली होती. तिसरे पुढच्या काचेपाशी उभे राहून चालकाच्या बाजूच्या वायपरचे रबर, चिंगम ताणावे तसे, चोचीने ताणत होते. काचेच्या कडेची पट्टीही त्यांनी हातभर उसवली होती. वाल्मीकींच्या रामायणात जटायूने रावणाचा रथ मोडल्याचे वर्णन आहे, तेव्हा वाहने मोडणे हा या घराण्याचा जुना बाणा असावा. पण आम्ही कोणाची सीता पळवून नेत नव्हतो. दुःखात भर म्हणजे याच पक्ष्याच्या दर्शनासाठी मी एकदा म्हसळा तालुक्यातील चिरगावला जाऊन दिवसभर आकाशाकडे पाहत मान मोडून घेतली होती. आपल्याकडे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे जवळपास नाहीशी झाली; 2006 मध्ये गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. आणि इथे ती भाड्याच्या गाडीचे रबर खाऊन ठणठणीत होती.

ते गृहस्थ बाकावरच होते.

“अहो, तुम्ही हाकललंत का नाही?”

“छे छे! इथे पक्ष्यांना त्रास द्यायचा नसतो. 1918 पासूनचा कायदा आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. म्हणजे त्यांनी पाट्या वाचल्या होत्या. सगळ्या वाचल्या होत्या.

तेवढ्यात त्यांचे जावई आले आणि समोरच्या रांगेतल्या, निळ्या ताडपत्रीत नवरीसारख्या झाकलेल्या गाडीच्या दोऱ्या सोडू लागले. मी त्या गाडीकडे पाहिले, मग गृहस्थांकडे पाहिले.

“जावई फार हट्टी आहे हो,” ते म्हणाले. “मी त्यालाही हेच सांगितलं होतं.”

आता यावर रागवायचे तरी कोणावर? सल्ला फुकट होता, ताडपत्रीही फुकट होती, आणि दोहोंतून निवड मी केली होती. परंतु मला खरोखर राग येतो तो आपल्या माणसांच्या या सवयीचा, की स्वतःचे झाकून ठेवायचे आणि दुसऱ्याला उघडे ठेवायला सांगायचे. घर घेताना, औषध घेताना, मुलांना शाखा निवडून देताना मी हेच ऐकत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी सांगणारा असाच आरामात बसलेला होता. हे मी गाडीत बोलून दाखवले तेव्हा सूनबाईंनी खरोखर डोळे मिटले.

तिथला हिवाळा कोरडा असतो, असे मी सकाळीच सांगितले होते. पण उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की मधूनच एखादी सर येते, आणि ती होमस्टेड गावाच्या अलीकडे आली. मुलगा मान वाकडी करून, माझ्या बाजूच्या शाबूत वायपरने पुसलेल्या काचेतून रस्ता पाहत चाळीस मिनिटे गाडी चालवत होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर तरी देता आले असते.

काल वायपरचे आणि पट्टीचे बिल आले. आज सकाळी त्या गृहस्थांचा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला. पत्नीने निघताना त्यांच्या सौभाग्यवतींकडून मेथीच्या लाडवांची कृती मागितली होती आणि त्यासाठी माझा नंबर दिला होता. कृती आलेली नाही, एक फोटो आला आहे. त्यात आमची गाडी आहे, तिच्यावर गिधाड आहे आणि चोचीत ताणलेले रबर अगदी स्पष्ट दिसते. खाली त्यांनी ‘सुप्रभात’ असे लिहिले आहे.