कट्ट्यावर हॅकनी डायमंड्स

शुक्रवारी, 20 ऑक्टोबर 2023ला रोलिंग स्टोन्सचा नवा अल्बम 'हॅकनी डायमंड्स' आला आणि शनिवारी सहाच्या ठोक्याला कट्टा भरला. एरवी साडेसातशिवाय कुणी उगवत नाही. शिवाजी पार्कात दसरा मेळाव्याची तयारी चालली होती, तिकडे वानखेडेवर दक्षिण आफ्रिका इंग्लंडला धुवत होती, आणि पक्या फोनवर स्कोअर बघत एका कानाने आमचं ऐकत होता. पक्या मेटॅलिकावाला, हेवी मेटल ऐकणारा. स्टोन्सचा त्याचा संबंध जीभवाल्या टीशर्टापुरता.

गिरीश नेहमीप्रमाणे निकाल खिशात घालूनच आला होता.

"बोगस आहे."

"पूर्ण ऐकलास?" नंदूने विचारलं.

"एलपी मागवलीये. ती आल्याशिवाय मी ऐकणार नाही. फोनवर दोन गाणी ऐकली, ती मी धरत नाही."

"म्हणजे न ऐकता बोगस?"

"अरे, 1972 नंतर स्टोन्स संपले. 'एक्साइल' हा शेवटचा खरा अल्बम. फ्रान्समधल्या त्या बंगल्याच्या तळघरात, घामाघूम होऊन केलेला. त्याला एक ऊब आहे. आणि आता? तेहतिशीतलं पोरगं प्रोड्युसर म्हणून आणलं आणि सगळं घासूनपुसून चकचकीत करून टाकलं."

'ऊब' हा शब्द गिरीश दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड प्लेअर घेतल्यापासून वापरतो. मनीषाने बोट वर केलं. "एक ऊब. आज किती होतात मोजते. पाचाच्या वर गेल्या तर चहा गिऱ्याचा."

नंदू शांत होता. तो शांत असला की मला बरं वाटतं, कारण तेव्हा तो खरंच विचार करत असतो. कॉलेजात आमच्या बँडचे ड्रम्स त्याच्याकडे होते, आणि आजही गुरुवारी भजनाला तबला तोच धरतो. आमच्यात कानाने ऐकणारा माणूस तो एकच, बाकी आम्ही आठवणींनी ऐकतो.

"गिऱ्या," तो म्हणाला, "तुझ्या त्या तळघरातल्या टेपा नंतर लॉस एंजेलिसला नेल्या. तिथे स्टुडिओत महिनोन्‌महिने त्यावर गाणी चढवली, वाद्यं चढवली. घासूनपुसून तेव्हाही केलंच होतं. फरक इतकाच की तेव्हा तू तान्हा होतास."

"ते वेगळं."

"बरं, 'टॅटू यू' घे, 1981चा. अर्ध्याहून जास्त माल आधीच्या अल्बमांतून उरलेला. 'स्टार्ट मी अप' आधी रेगे म्हणून घासत बसले होते. तुला गॅदरिंगमध्ये त्याच्यावर नाचताना मी पाहिलंय."

"मी नाचलो नाही. मी गिटार धरून उभा होतो."

"प्लग न लावता," मी म्हणालो. हे खरं आहे, आणि तीस वर्षांत त्याने ते एकदाही कबूल केलेलं नाही.

मनीषाला पॉलिशशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन'मध्ये अडकला होता. सात मिनिटांचं गाणं. संपलं असं वाटतं, सगळे थांबतात, मग स्टीव्ही वंडर चाळा म्हणून कीबोर्डवर काहीतरी चालू ठेवतो आणि हळूहळू सगळे पुन्हा आत शिरतात. "सकाळी डबा भरताना लावलं होतं. पोळी तव्यावर करपली," ती म्हणाली. "ऐंशी वर्षांचा मिक जॅगर लेडी गागासमोर आवाज चढवतो आणि मागे पडत नाही."

"गागाचं काय काम स्टोन्समध्ये?" गिरीश.

"मेरी क्लेटनचं काय काम होतं? 1969 साली मध्यरात्री झोपेतून उठवून गायला आणली होती तिला, पोटुशी होती, केसांना रोलर लावलेले. ती नसती तर तुझं 'गिमी शेल्टर' काय राहिलं असतं? गागाला तिच्या जागेवर कुणी बसवत नाहीये. पण त्या जागेवर बाईचा आवाज लागतो हे त्यांना तेव्हाही कळत होतं."

गिरीशने मग हुकमाचं पान काढलं. "चार्ली नाही. विषय संपला. चार्लीशिवाय स्टोन्स म्हणजे..." त्याला उपमा सापडेना.

इथे नंदू सरळ बसला. मलाही हाच विषय हवा होता. 2021च्या ऑगस्टमध्ये स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स गेला त्या रात्री नंदूने मला फोन केला होता आणि आम्ही दोघंही फारसं काही बोललो नव्हतो.

"चार्ली आहे. दोन गाण्यांत आहे. 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड'. 2019ला वाजवून ठेवलेलं. दुसऱ्यात बासवर बिल वायमन आहे, नव्वदीच्या सुरुवातीला बँड सोडून गेलेला. मिक, कीथ, रॉनी, बिल आणि चार्ली, पाचही जण एका गाण्यात. हे कळल्यावर मी ते एकदा ऐकलं, आणि मग फक्त ड्रम्ससाठी सहा वेळा ऐकलं. आणि तुझा धर्मग्रंथ जो 'एक्साइल', त्यात 'हॅपी'वर ड्रम्स कुणाचे?"

गिरीश गप्प.

"प्रोड्युसर जिमी मिलरचे. तेव्हा विषय संपला नव्हता तुझा."

मग त्याने आम्हाला कट्ट्याच्या दगडावर वाजवून दाखवलं. उजवा हात हाय-हॅटची झांज, डावा स्नेअरचा ड्रम. "साधारण ड्रमर उजवा हात चालूच ठेवतो, टिकटिकटिकटिक. दोन आणि चारवर डावा पडतो तेव्हाही उजवा वाजतोच. चार्ली काय करायचा, डावा पडायच्या क्षणी उजवा उचलायचा. हे बघ." आणि खरंच, त्या छोट्याशा रिकाम्या जागेत डाव्या हाताचा आवाज एकटा, भरीव ऐकू आला. शेजारी बसलेले दोन आजोबाही वळून बघायला लागले. "तबल्यात खाली का असते? बायां गप्प होतो म्हणून सम आल्याचं कळतं. या माणसाने ही खाली चार-चारच्या सरळ ठेक्यात आणली. जॅझमधून आलेला माणूस, छोटासा सेट, उगाच एक ठोका जास्त नाही. शिवाय बाकी बँड ड्रमरच्या मागे जातात, इथे ड्रमर गिटारवाल्या कीथच्या मागे जातो. ती साथ आहे रे, साथ! त्याच्या जागी आलेला स्टीव्ह जॉर्डन दणदणीत वाजवतो, त्याचं नाव चार्लीनेच सुचवलेलं. पण तो गाडी ओढतो. चार्ली गाडीत बसलेला असायचा."

मला यात भर घालावीशी वाटली. कीथच्या बोटांना संधिवात आहे, त्याने स्वतःच सांगितलंय की त्यामुळे वाजवणं बदललं. पण सहावी तार काढून टाकून पाच तारा ओपन जीमध्ये लावायची त्याची जुनी रीत बोटांना कमी आणि कानाला जास्त कामाला लावते. तंबोऱ्यासारखं आहे ते: मोकळ्या तारा छेडल्या तरी सूर लागलेलाच असतो. वय झाल्यावर कामी येणारी सोय तो पन्नास वर्षांपूर्वीच करून बसलाय.

"सहा आउट," पक्या म्हणाला.

"कोण?"

"इंग्लंड. शंभरी गाठायचे वांधे आहेत. तुमच्या मिकला क्रिकेटचं वेड आहे ना? आज जेवणार नाही तो."

नंदूने फोन मध्ये ठेवला आणि शेवटचं गाणं लावलं. 'रोलिंग स्टोन ब्लूज'. ब्लूज गाणाऱ्या मडी वॉटर्सचं, ज्या गाण्यावरून बँडचं नाव पडलं. यात ड्रम्स नाहीत, पाहुणे नाहीत, फक्त मिक आणि कीथ, एक गिटार आणि एक माउथ ऑर्गन. 1961 साली डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर कीथला मिक दिसला तेव्हा मिकच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड होत्या. तिथून इथवर. साठ वर्षं एकमेकांना शिव्या घालून, भांडून, तोंड न बघून, शेवटी हे दोघं पुन्हा त्याच रेकॉर्डपाशी बसलेत. अठरा वर्षांनी नव्या गाण्यांचा अल्बम आणला आणि शेवटाला ही जुनी जागा ठेवली, यासाठी मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात. अडीच-तीन मिनिटं कुणी बोललं नाही. गिरीशसुद्धा.

मग तो हळूच म्हणाला, "याला ऊब आहे."

"सहा!" मनीषा ओरडली. "चहा तुझा!"

"2003ला यांना बघायला हवं होतं रे," गिरीश म्हणाला. "ब्रेबॉर्नला. माझं नशीब खोटं."

ही कथा आम्हाला पाठ आहे. 7 एप्रिल, सोमवार. आम्ही चौघं गेलो, चार्लीला साक्षात बघितलं, आणि गिरीश आला नाही कारण नेमका त्याच दिवशी त्याचा साखरपुडा निघाला. मित्राचा साखरपुडा सोडून कॉन्सर्टला गेलो म्हणून आम्हीच त्याची वीस वर्षं माफी मागतोय.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हातात चहाचे दोन ग्लास, म्हणून मनीषाने स्पीकरवर घेतला. वहिनी होत्या, सोसायटीच्या भोंडल्याची खिरापत आणायची राहिली होती.

"वहिनी, एक विचारू?" मनीषा म्हणाली. "तुमचा साखरपुडा सात एप्रिलला का हो ठेवला होता?"

"सात एप्रिल? छे गं. अक्षय्य तृतीयेला होता, मे महिन्यात. का?"

कट्टा एकदम गार. गिरीशने दोन्ही ग्लास खाली ठेवले.

"मग तू त्या दिवशी होतास कुठे?" नंदू.

"घरी."

"आणि तिकीट?"

"विकलं," गिरीश म्हणाला. "दुप्पट भावाने. अंगठीला पैसे कमी पडत होते."

स्पीकरवर दोन सेकंद शांतता, आणि मग वहिनी इतक्या मोठ्याने हसल्या की फोन थरथरला. "म्हणजे मी स्टोन्सची अंगठी घालून फिरतेय?"

पक्या कट्ट्यावरून घसरला. नंदूच्या डोळ्यांतून पाणी. मी गिरीशला मिठी मारली, कारण दुसरं काय करणार. इंग्लंडची शेवटची जोडी कधी गेली ते पक्यालाही कळलं नाही, आणि चहाचे पैसे शेवटी मीच दिले.