डेपोच जिंकेल अशी तुलना

कचरा डेपो वाढवायचा की दुसरा काही मार्ग काढायचा, असा विषय सोसायटीच्या ग्रुपवर निघाला तर घाबरून जाऊ नका. 'आधी सगळ्या पर्यायांचा पर्यावरणावरचा परिणाम तपासू या,' असं लिहून मोकळे व्हा. तपासणी चालू असेपर्यंत गाड्या नेहमीच्या ठिकाणी जातच असतात.

मोजायला नाक वापरावं. आपल्या नाकाला जे येत नाही, त्याचा परिणाम शून्य. पुण्याचा कचरा कोथरूडला पडायचा. तिथं वस्ती वाढली आणि परिणाम फार गंभीर झाला. मग 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तोच कचरा शहराबाहेरच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांकडे निघाला आणि परिणाम एकदम आटोक्यात आला. कोथरूडच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. निदान 'डेपो' हा शब्द तरी आपण वाया जाऊ दिला नाही. माउलींची पालखी उरुळीवरूनच सासवडला जाते, पण ती वर्षातून एकदा. तेवढ्यापुरतं उपरणं नाकाला लावता येतं.

विहिरींचा विषय कुणीतरी काढणारच. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याला 'लिचेट' म्हणावं, नाव इंग्रजी असलं की पाणी जरा स्वच्छ वाटतं. गावाला मग टँकर लागतात, त्यांचं डिझेल मात्र पाणीपुरवठ्याच्या खात्यावर टाकायचं. कचऱ्याच्या तक्त्यात ते दिसता कामा नये.

डेपोत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, त्याच्यासाठी शंभर वर्षांचा हिशेब धरा. त्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो. वीस वर्षांचा धरलात तर आकडा ऐंशीच्या वर जातो, उगाच कशाला? शंभर वर्षांनी ग्रुपवर विचारायला कोण असणार आहे!

'जाळून वीज करा' म्हणणाऱ्याला मात्र जवळ बसवा, तो आपलाच माणूस. दिल्लीत तिमारपूरला 1980च्या दशकात डेन्मार्कचं तंत्रज्ञान आणून अशी भट्टी उभारली होती. ती तीनेक आठवडे चालली, कारण कचरा पेटायलाच तयार नव्हता. आपला निम्म्याहून जास्त कचरा ओला, वर झाडलोटीची माती. विश्वास नसेल तर कलिंगडाची साल गॅसवर धरून बघा. आणि समजा पेटलाच, तरी वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी राख उरते. ती टाकायला काय लागतं? डेपो.

खत आणि बायोगॅस यांच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. इथे वास मोजा, डास मोजा, झाकण कुणी उघडायचं तेही विचारा. आमच्या सोसायटीत खताच्या टाकीवर दोन माश्या दिसल्या, तर सभा पाऊण तास लांबली. गावाकडच्या माश्यांवर पाच मिनिटंही गेली नव्हती. आता त्या टाकीत जास्वंद लावलीय. छान आलीय, खत विकतचं घालतो.

घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे डेपोत जावा तो ज्याचं दुसरं काहीच होऊ शकत नाही एवढाच कचरा. नियमांची प्रत वाचून झाली की सुक्यात टाकावी.

एप्रिल 2017मध्ये उरुळीच्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी तीनेक आठवडे गाड्या अडवल्या. तेव्हा ओला कचरा घरच्या घरी जिरवणं शक्य आहे, असं बऱ्याच जणांना अचानक वाटू लागलं होतं. गाड्या सुटल्या आणि ते पुन्हा अशक्य झालं.

एवढं सांभाळलंत की एकच अडचण उरते, ती सकाळी साडेआठला दार वाजवते. वेचक ताई डबा ओतते, चहाच्या चोथ्यातून डायपर बोटांनी वेगळा काढते, मेथीच्या देठांना चिकटलेली दुधाची पिशवी झटकते आणि म्हणते, "काका, ओला वेगळा द्या की."

तिला शांतपणे सांगा, "ताई, तुलना चालू आहे."